पन्हाळ्याहून आंबेवाडीपर्यंत

शुक्रवारी रात्री पन्हाळ्यावर आम्ही चौघे सॅक भरत बसलो होतो आणि मास्तरांचा मोबाईल सारखा वाजायला लागला. तारीख 11 जुलै 2025. पॅरिसला युनेस्कोची बैठक भरली होती आणि मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले होते. मास्तरांनी नावं मोठ्यानं वाचली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तिकडे तमिळनाडूतला जिंजी. ज्या गडावर पथारी पसरली होती त्याचंच नाव आलं तेव्हा अण्णाचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी 12 जुलै. 1660 साली याच तारखेच्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. ती वाट आम्हाला चालायची होती. पन्हाळा ते पावनखिंड, दोन दिवसांत. मी लिहितोय ते फक्त पहिल्या दिवसाबद्दल. खिंडीबद्दल सगळेच भरभरून सांगतात, आणि सांगावंच. पण खिंडीत पोचायच्या आधी जे चालणं आहे, त्याच्याबद्दल मी लहानपणापासून कुणाकडून फारसं ऐकलं नव्हतं.

आम्ही चौघे इचलकरंजीचे, एका वर्गातले. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. वर्गमित्रच, पण नोकरी लागल्यापासून त्यांना आम्ही अहोजाहोच करतो. अण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. तिसरा पुण्यात कंपनीत आहे, म्हणून तो पुणेकर. माझं औषधांचं दुकान. सहा-सात वर्षं दर जुलैत ठरायचं आणि दर जुलैत कुणाचं तरी काहीतरी निघायचं. यंदा अण्णानं जूनमध्येच सांगून टाकलं, "कोण येवो न येवो, मी जाणार."

सकाळी साडेसहाला बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी उभे राहिलो. धुकं इतकं, की दोन्ही हातांतल्या तलवारींची टोकं दिसत नव्हती. आदल्या संध्याकाळी शिवा काशिदांच्या पुतळ्यालाही जाऊन आलो होतो. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा हा माणूस महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला. मरायचंय हे माहीत असताना तो पालखीत बसला. मास्तर पोरांना हे दर वर्षी शिकवतात, पण तिथं त्यांना एक शब्द बोलवला नाही.

पुसाटी बुरुजाच्या बाजूनं खाली उतरलो. वाटेवर बरीच मंडळी होती. कोल्हापूर, सांगली, कऱ्हाडकडचे गट, हातात भगवे, कुणाच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांचं पोर. जुलैत या वाटेवर एकटं कुणी पडत नाही. तुरुकवाडी, मग म्हाळुंगे. तोवर डांबरी आणि बैलगाडीवाट असल्यानं पाय भराभर पडत होते आणि गप्पा जोरात होत्या. पुणेकर त्याच्या ऑफिसचं सांगत होता. म्हाळुंग्यापासून चढ लागला, दम लागला, आणि एकेकाचं बोलणं आपोआप थांबलं.

चढ संपला की समोर मसाई पठार. हे पठार पहिल्यांदा पाहणाऱ्याला जांभ्या दगडाची ही सपाटी एवढी लांबच लांब असेल असं वाटत नाही. एक टप्पा संपला की बारीकशी खिंड किंवा घळ, आणि पुढं दुसरा टप्पा. झाड जवळजवळ नाहीच. नुकतं उगवलेलं बोटभर गवत, खड्ड्याखड्ड्यांतून साचलेलं पाणी, आणि वारा. वारा असा, की रेनकोटाची टोपी गालावर फटाफटा वाजते आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पठाराच्या कुशीत पांडवदऱ्याची लेणी आहेत, तिकडे वळायचं मनात होतं, पण मास्तरांनी घड्याळ दाखवलं.

मसाईदेवीच्या देवळात टेकलो. ओल्या कपड्यांनी फरशीवर पाणी होत होतं, म्हणून पुणेकरानं स्वतःच्या टॉवेलनं पुसून घेतलं. अण्णानं पिशवीतून भडंग काढला. वर कांदा नाही, लिंबू नाही, नुसता कोरडा भडंग आणि गुळाचा खडा. त्या थंडीत तो असा लागला, की त्याची चव अजून जिभेवर आहे.

देवळातून निघाल्यावर आम्ही चुकलो. पुढचा गट दिसत होता तोवर ठीक होतं. धुक्याचा एक लोट आला आणि माणसंच पुसली गेली. पठारावर खूण म्हणून धरावं असं काही नसतं. सगळीकडे तेच गवत, तेच पाणी. वाटही अशी नाही की पायाखाली ठळक लागेल. मोबाईलला रेंज नव्हती. दहा-पंधरा मिनिटं आम्ही सरळ समजून चाललो. मग समोरून घंटांचा आवाज आला. म्हशी होत्या आणि त्यांच्यामागं डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेतलेला एक धनगर. साठीचा असेल.

"कुठं निघालासा?"

"कुंभारवाडी."

त्यानं काठी उचलून आमच्या मागं दाखवली. "वाडी तिकडं ऱ्हायली. हितनं म्होरं कडा हाय."

तो आमच्याबरोबर उलटा आला. म्हशी सोडून. चांगलं अर्धा किलोमीटर चालला, उताराच्या तोंडाशी आणून सोडलं आणि म्हणाला, "आता ह्या पाण्याच्या संगट जावा. पानी जातंय तितंच वाट हाय." पैसे द्यायला मास्तरांनी खिशात हात घातला तर तो नुसता हसला आणि धुक्यात गेला. घंटांचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

त्यानंतर कितीतरी वेळ माझ्या डोक्यात तोच विषय होता. महाराजांबरोबर सहाशे माणसं होती. त्यांतली बरीचशी बांदलांची, म्हणजे हिरडस मावळातली, भोरकडची. मावळच्या डोंगरात ते वाढलेले खरे, पण हे पठार त्यांच्या अंगणातलं नव्हतं. रात्रीची वेळ, आषाढाचा पाऊस, मागून सिद्दी मसूदचे घोडेस्वार येणार हे ठाऊक असलेलं. आणि दिवसाढवळ्या चार माणसं देवळापासून हाकेच्या अंतरावर वाट चुकतात ते हे पठार. ते चुकले नाहीत. कुणीतरी आधी ही वाट पायाखाली घातली असणार, आणि कुठून चढायचं, पाणी कुठून उतरतं हे माहीत असलेलं कुणीतरी पुढं चालत असणार. एवढी साधी गोष्ट मला बेचाळीसाव्या वर्षी, स्वतः चुकल्यावर कळली.

कुंभारवाडीकडचा उतार हा त्या दिवसाचा सगळ्यात अवघड भाग. लाल मातीची पाणंद, दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या, आणि मधून घोट्याएवढं पाणी. आमच्या आधी शेकडो पाय गेलेले, त्यामुळे चिखल नुसता लोण्यासारखा झाला होता. टाच रोवली तर घसरते, चवडा टेकला तर रुततो. शेवटी पाय आडवे टाकत, करवंदीच्या फांद्या धरत उतरलो. हातांना काटे लागले ते संध्याकाळी भाकरी मोडताना समजले.

मध्येच अण्णा थांबला. त्याच्या उजव्या बुटाचा तळ टाचेपासून चवड्यापर्यंत उघडला होता, सुसरीच्या जबड्यासारखा. नवे बूट होते, दुकानदारानं खास ट्रेकिंगचे म्हणून दिलेले. चवड्यापाशी तेवढा चिकटून होता, तोही दहा पावलांत सुटला. अण्णानं तो चिखलातून उचलला, धुतला आणि हातात घेऊन उभा राहिला. बारा-बारा तास मागांसमोर उभं राहणारा माणूस, पायांच्या बाबतीत तो कधी कुरकुरत नाही. पण त्याचा चेहरा उतरला. अजून पंधरा-सोळा किलोमीटर होते त्या दिवसाचे, आणि दुसरा दिवस पुरा.

बुटाच्या लेसनं बांधून पाहिलं. पन्नास पावलांत तुटली. माझ्याकडे चिकटपट्टी होती, ती ओल्याला धरेना. असं करत खाली वाडीच्या पहिल्या घरापाशी आलो. गोठ्याच्या दारात अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा शेण काढत होता. त्यानं अण्णाच्या पायाकडे बघितलं आणि काही न विचारता आत गेला. हातात नायलॉनचं दावं घेऊन आला, गुरं बांधायचं, निळं. विळ्यानं त्यातला दोन हात लांब तुकडा तोडला. अण्णाला ओट्यावर बसवलं, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. आधी बूट आणि तळ फडक्यानं कोरडा केला. मग दाव्याचे पीळ उलगडून त्याचे दोन पदर केले. म्हणाला, जाड दोरी पायाखाली टोचते. एक पदर चवड्याखालून घेऊन वर फुली मारली, तिथून टाचेमागं नेला, परत पुढं आणून घोट्यावर बांधला. दुसरा पदर बरोबर मधल्या खोलगट भागातून. प्रत्येक वेढ्याला अण्णाला बोटं हलवायला सांगत होता. शेवटची गाठ त्यानं बाहेरच्या बाजूला मारली आणि सांगितलं, "सैल झाली तर हितनं वढा. आत गाठ मारली असती तर दुसऱ्या पायात अडकून पडला असता."

त्याच्या स्वतःच्या पायात बाजारातले साधे रबरी पावसाळी बूट होते. अण्णानं दाव्याचे पैसे विचारले. आतून त्याची आई म्हणाली, "दाव्याचं कुठं पैसं घेत्यात व्हय? च्या घेऊन जावा." गुळाचा कोरा चहा झाला. तो बूट दुसऱ्या दिवशी खिंडीपर्यंत टिकला. निळं दावं आता अण्णाच्या घरी देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला आहे.

मला इथं एक राग व्यक्त केल्याशिवाय पुढं जाववत नाही. त्या पोराच्या गोठ्यामागच्या ओढ्यात बिस्किटांच्या कागदांचा आणि पाण्याच्या बाटल्यांचा खच पडला होता. गुरं त्याच ओढ्यावर पाणी पितात. महाराजांचा जयजयकार करत जायचं आणि ज्यांच्या अंगणातून जातो त्यांच्या पाण्यात प्लास्टिक टाकायचं, हे मला सहन होत नाही. पुणेकरानं सॅकमधून गोणपाटाची पिशवी काढली, आम्ही भरता येईल तेवढं भरलं. पिशवी अर्ध्या तासात भरली आणि ओढा तसाच राहिला.

पुढचा रस्ता खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी असा. सगळीकडे रोपलावण चालू होती. चिखलणी झालेल्या खाचरांत बायका ओळीनं वाकलेल्या, पाठीवर खोळी, हातात तरव्याच्या मुठी. आम्ही बांधावरून जाताना एकजण ताठ झाली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "नुसतंच चालतासा व्हय? चार मुठी लावा की." मास्तर खरंच उतरले. शेतकऱ्याच्या घरातले आहेत, हात बसलेला. त्यांनी एक ओळ लावली तेव्हा तिनं एकच रोप उपटून पुन्हा लावलं, बाकीची राहू दिली. त्यांना ते बक्षीसासारखं वाटलं असावं, कारण दिवसभर त्याबद्दल बोलत होते.

करपेवाडीच्या अलीकडे जंगलाचा पट्टा लागतो. वर ऐन-जांभळीचा मांडव, खाली अंधार, पायवाट एका माणसापुरती. इथं अण्णानं विचारलं, "मास्तर, पालखी कशी नेली असेल हो इथनं?"

आम्ही सगळे थांबलो. मास्तर म्हणाले, भोई असणार. पुढं दोघे, मागं दोघे, आणि दमले की बदलायला दुसरे.

"दोघे शेजारी मावतात का बघा की." अण्णा आणि पुणेकर शेजारी उभे राहिले. खांदे झाडीत गेले. मग एकामागं एक उभे राहिले आणि आमच्या दोन काठ्या एकत्र बांधून, मधे सॅक अडकवून ती खांद्यावर घेतली. खेळ म्हणून नाही. अण्णाला खरंच बघायचं होतं. वीस पावलं गेले. पुढच्याला पायाखालचं दिसतं, मागच्याला काहीच दिसत नाही. पुढच्यानं जिथं पाय टाकला तिथंच टाकायचा, त्याच लयीत, नाहीतर दांडा खांद्यावरून उसळतो. पुणेकर मागं होता. एका दगडावरून त्याचा पाय सटकला आणि सॅक खाली आली. सॅकमध्ये सगळं मिळून सात किलो होतं.

"त्यांची नावं काय होती?" अण्णानं विचारलं.

मास्तरांना सांगता आली नाहीत. बाजीप्रभू, फुलाजी, शिवा काशिद, बांदल, ही नावं त्यांना शाळेतल्या हजेरीसारखी पाठ. स्वराज्यात तलवारीचं पहिलं पान, म्हणजे दरबारातला पहिला मान, जेध्यांचा होता, तो या लढाईनंतर बांदलांना मिळाला, हेही त्यांनी सांगितलं. पण भोयांची नावं त्यांच्यापाशी नव्हती. ते म्हणाले, "पोरांनी कधी विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही." पुढचा तासभर आम्ही रांगेत चाललो, कुणी बोललं नाही.

शेवटचा ओढा आंबेवाडीच्या अलीकडचा. दुपारनंतर पावसानं जोर धरला होता आणि पाणी मांडीला लागत होतं. मागून आलेल्या कऱ्हाडच्या गटाबरोबर हात धरून साखळी केली. मनगट धरायचं, बोटं नाही, बोटं सुटतात. पाण्याकडे बघायचं नाही, समोरच्या झाडाकडे बघायचं. मधोमध आल्यावर तळातले गोटे पायाखालून सरकताना कळत होते. माझ्या डाव्या हाताला कॉलेजातली एक मुलगी होती. तिचा हात थरथरत होता आणि माझाही.

सव्वासहाला आंबेवाडीत पोचलो. मोबाईलच्या हिशोबानं सव्वीस किलोमीटर. ज्यांच्याकडे उतरलो ते घर कौलारू, अर्धा गोठा आणि अर्धं माणसांचं, मध्ये एक कुडाची भिंत. मावशींनी आधी गरम पाणी दिलं. मोजे काढले तेव्हा तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले, भिजत घातलेल्या पोह्यांसारखे. पुणेकराच्या बोटांच्या बेचक्यात सालं निघाली होती. मी मलम काढलं. मावशी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या, आधी वाळवा. चिखल्यांवर वलं औषध काय करणार?" त्यांनी चुलीपाशी जागा करून दिली, पाय शेकायला लावले, कोरडे झाल्यावर वाटीत खोबरेल कोमट करून दिलं. दुकानात मी पावसाळाभर हेच मलम विकतो, पण आधी पाय पूर्ण कोरडे करा हे गिऱ्हाइकाला इतक्या ठासून कधी सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, भात. चुलीभोवती आमचे आठ मोजे दोरीवर लटकत होते. घरचे काका कमी बोलत होते. त्यांनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी जुलैत एवढी माणसं यायची नाहीत, आता येतात. माणसं आली की बरं वाटतं, म्हणाले. यादीचं आम्ही त्यांना सांगितलं. पन्हाळ्याचं नाव जगाच्या यादीत गेलं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि ही वाट?"

वाट नाही, मास्तर म्हणाले. फक्त किल्ले.

"असू दे," काका म्हणाले. "आमी हाय की."

रात्री दहाच्या सुमारास पाऊस थोडा उघडला. अण्णा उठून बाहेर गेला, मागोमाग आम्ही. याच वेळेच्या आसपास महाराज गडावरून निघाले असणार. ढगांच्या मागं चंद्र होता, पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, त्यामुळे आभाळाला करडा उजेड होता आणि झाडांचे शेंडे कळत होते. अण्णानं विजेरी बंद करायला सांगितली. ओढ्याच्या दिशेनं एकामागं एक निघालो, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. अण्णा पुढं, त्याच निळ्या दाव्यानं बांधलेल्या बुटात.

शेंडे दिसत होते, पण पाय दिसत नव्हते. स्वतःचे पाय. पाऊल टाकायचं, जमीन लागली की मग वजन टाकायचं. तीसेक पावलं झाली असतील. खाली ओढ्याचा आवाज वाढत होता आणि अण्णाचा खांदा माझ्या हाताखाली ताठ झाला होता, तरी तो थांबत नव्हता.

मागून दार उघडल्याचा आवाज आला.

"अवो, कुठं निघालासा?" काका ओरडले. "परत फिरा! वढ्याला पानी वाढलंय!"